मदत हवी आहे : नागपूरच्या उन्हाळ्यात पसरणाऱ्या चॉकलेट चिप कुकीज

नमस्कार. घरी चॉकलेट चिप कुकीज करताना येणाऱ्या एका अडचणीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. डिसेंबर-जानेवारीत याच प्रमाणाने आणि याच ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) केलेल्या कुकीज कडेने खुसखुशीत व मध्ये मऊ अशा हव्या तशा होतात. मात्र मार्च सरला की त्या ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात, कडा करपतात आणि मधला भाग पापडासारखा पातळ राहतो. मुलांची मागणी नेमकी सुट्ट्यांमध्ये वाढते, त्यामुळे थंडीची वाट पाहण्याचा उपाय आमच्या घरात कोणालाही मान्य नाही.

प्रमाण असे आहे: ११५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ५० ग्रॅम साखर, एक अंडे, एक चमचा व्हॅनिला इसेन्स, १७० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि १५० ग्रॅम चॉको चिप्स. बटर खारे असल्यामुळे मीठ वेगळे घालत नाही. ओटीजी १७५ अंशांवर तापवून, वरचा व खालचा असे दोन्ही रॉड सुरू ठेवून, मधल्या कप्प्यात बारा मिनिटे भाजते.

माझा संशय बटरवर आहे. प्रत्येक पाककृतीत ‘बटर खोलीच्या तापमानाला आणावे’ असे लिहिलेले असते. या कुकीज १९३० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन येथील टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफिल्ड यांनी प्रथम केल्या. तिथल्या खोलीचे तापमान आणि मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आमच्या स्वयंपाकघराचे तापमान यांचा मेळ बसणे शक्यच नाही. ओट्यावर ठेवलेले बटर पाहता पाहता कडेने पाघळते आणि साखरेबरोबर फेटताना फुलून पांढरट होण्याऐवजी वाटीत तेलकट रवाळ मिश्रण तयार होते. आईची नानकटाई मात्र भर उन्हाळ्यातही आकार सोडत नसे. अर्थात ती वनस्पती तुपातली आणि पिठीसाखरेची होती.

तेव्हा बटर नेमके किती मऊ असावे आणि मळलेले पीठ फ्रीजमध्ये किती वेळ ठेवावे, हे कृपया सांगावे. दुसरे असे की, इथे दुकानात मिळणारी ब्राउन शुगर पुष्कळदा कोरडी आणि जाड दाण्याची असते. तिला पर्याय आहे का? सासूबाई अंडे खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा घाणा करावा लागतो आणि तो तर अधिकच पसरतो. शिवाय नीट जमलेल्या कुकीजसुद्धा कूलर सुरू असलेल्या खोलीत संध्याकाळपर्यंत सादळतात.

प्रतिसाद १

आपला संशय रास्त आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि फेटण्यासाठी ते १८ ते २० अंशांच्या आसपास असावे लागते. उन्हाळ्यात त्याचे लहान तुकडे करून फ्रीजबाहेर पाच-दहा मिनिटे ठेवणे पुरेसे होते. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी लागू नये, एवढी खूण लक्षात ठेवावी. फेटण्याचे भांडेही आधी फ्रीजमध्ये ठेवावे. स्टीलचे भांडे लवकर गार होते. फेटताना मिश्रण सैल पडू लागले, तर मैदा वाढवण्याच्या मोहात न पडता भांडे दहा मिनिटे पुन्हा फ्रीजमध्ये सरकवावे.

पिठाचे गोळे आधी करून मग ते झाकून किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवावेत, कारण थंड पीठ पातळ होण्यापूर्वी मैदा आणि अंडे आकार धरू लागतात. याच कारणाने ओटीजी पुरेसा तापलेला असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. वेकफिल्ड यांच्या पाककृतीतील ३७५ फॅरनहाइट म्हणजे सुमारे १९० सेल्सिअस, तर आपण १७५ वर भाजता; लहान ओटीजीचे दार उघडताच आतली उष्णता बाहेर जाते, शिवाय बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत फरक असू शकतो. आत ठेवण्याचा ओव्हन थर्मामीटर घ्यावा, १८५ ते १९० अंशांवर दहा मिनिटांचा अंदाज धरावा आणि आधी एकच कुकी भाजून पाहावी. कडा सोनेरी आणि मध्य कच्चट दिसत असतानाच ट्रे बाहेर काढावा. पाच मिनिटे ट्रेवरच ठेवल्यास मधला भाग आपोआप बसतो. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नये, कारण तो ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच वितळू लागतो.

ब्राउन शुगरऐवजी १०० ग्रॅम साध्या साखरेत दोन लहान चमचे काकवी चोळून घ्यावी. ओलसरपणा आणि रंग दोन्ही मिळतात. गुळाची पूडही चालते, पण मग चॉकलेटपेक्षा गुळाचीच चव पुढे येते आणि ते मला तरी पटत नाही.

सादळण्याचे कारण कूलरची दमट हवा हेच आहे, कारण साखर ओलावा ओढून घेते. कुकीज कूलर नसलेल्या खोलीत जाळीवर गार कराव्यात आणि पूर्ण गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. कोमट असताना भरल्यास आतल्याच वाफेने त्या मऊ पडतात. सादळलेल्या कुकीज १५० अंशांवर चार-पाच मिनिटे ठेवून गार केल्या की पुन्हा खुसखुशीत होतात.

प्रतिसाद २

बिनअंड्याच्या कुकीजबद्दल थोडेसे. अंडे उष्णतेने घट्ट होऊन कुकीला आधार देते. तो आधार गेल्यावर त्याच्याइतकेच दूध ओतले तर पीठ सैल होणारच. एका अंड्याऐवजी मी दोन मोठे चमचे घट्ट दही आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर घालते. दह्याच्या आंबटपणामुळे सोड्यालाही काम मिळते. हे गोळे मात्र फ्रीजऐवजी फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवावेत आणि तिथून थेट ओव्हनमध्ये टाकून एखाद-दोन मिनिटे जास्त भाजावेत. सासूबाईंचे गोळे एकदम करून फ्रीझरच्या डब्यात साठवले, तर हव्या तेव्हा दोन-तीनच काढून भाजता येतील.