शहापूर ते उद्यमबाग, व्हाया मुंबई: हे चालवून घ्यायचं का?

शहापूरकर:
बेळगावातच घर शहापुरात, मशीनशॉप उद्यमबागेत. घरी एका कंपनीचा फायबर, शॉपवर दुसरीचा. काल घरून शॉपच्या स्टॅटिक आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याला, ट्रेसरूट मारला; डेटा कुठल्या वाटेनं जातो ते त्यात दिसतं. डेटा मुंबईला जातो, तिथं एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हातात पडतो आणि मग परत बेळगावला येतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचं जाणं-येणं हजार किलोमीटर, उत्तराचं पुन्हा हजार, म्हणजे नुसत्या अंतरापोटी १० मिलिसेकंद. मला ३४ लागले.

भारतातल्या दोन कंपन्यांमधला डेटा परदेशाला वळसा घालून येऊ नये म्हणून २००३ साली निक्सी, म्हणजे कंपन्यांनी देशातच डेटाची देवाणघेवाण करायची सोय, सुरू झाली. तोच न्याय जिल्ह्याला का नको? बेळगावात एका खोलीत सगळ्यांच्या लाईन जोडणारा स्विच ठेवावा, कंपन्यांनी आपले राउटर तिथं जोडावेत आणि ‘हे पत्ते माझ्याकडं’ असं बीजीपीनं, म्हणजे राउटरांच्या वाटा सांगायच्या भाषेत, एकमेकांना सांगावं. मला हे गरजेचं वाटतं.

खानापूर केबल:
दादा, तेवढ्या मिलिसेकंदांनी कुणाचं अडत नाही ओ. संध्याकाळी माझ्या लाईनवर सगळा भार व्हिडिओचा. खानापूरचा माणूस बेळगावच्या कॉम्प्युटरशी बोलतोय कुठं? आणि माझ्यासारख्याकडं स्वतःचा एएस नंबरच नाही, म्हणजे बीजीपीत नेटवर्कची ओळख सांगणारा नंबर. वरची कंपनी नेईल तिकडं डेटा जातो.

खरी टंचाई पत्त्यांची आहे. इंटरनेटची जुनी पत्तापद्धत आयपीव्ही ४, तिचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. म्हणून आम्ही एका पब्लिक पत्त्यामागं कितीतरी घरं बसवतो. तुमच्या राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीकडून आलेला पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तुम्हीही त्या रांगेत आहात, आणि घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडणार नाही. तुम्ही स्टॅटिकचे पैसे भरता, शेतातल्या पंपावर कॅमेरा लावणाऱ्यानं काय करायचं? पैसा घालायचा तर नव्या पद्धतीवर, आयपीव्ही ६ वर घाला. १२८ बिटांचा पत्ता, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा.

निपाणीची:
मी पतसंस्थेत कॉम्प्युटर बघते, माझा अनुभव दोघांहून वेगळा आहे. आमचा सर्व्हर आधी हेड ऑफिसच्या मागच्या खोलीत होता. लाईट गेली की यूपीएस किती वेळ टिकेल याकडं डोळे. मग तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये हलवला. तिथं वीज दोन बाजूंनी, यूपीएस, जनरेटर, कूलिंग सगळं दुहेरी. गेल्या पावसाळ्यात जेसीबीनं रस्त्याकडेची केबल तोडली. सर्व्हर एक मिनिटही बंद पडला नाही, पण आम्हाला दिवसभर पासबुक छापता आलं नाही. दोन कंपन्यांच्या दोन लाईन मुद्दाम घेतल्या होत्या. दोन्ही एकाच चरात निघाल्या! म्हातारी माणसं पेन्शनसाठी पायरीवर बसून होती.

तेव्हापासून खात्यांची एक प्रत हेड ऑफिसातही ठेवतो. बेळगावातला स्विच आमच्या काय कामाचा?

खानापूर केबल:
ताईंचं पटलं. लाईन तुटली की बीजीपी दुसरी वाट शोधतं, पण वाट असली तर. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला तेव्हा गाड्या जागच्या जागी थांबल्या, तसंच हे. लाईन घेताना कंपनीकडं रूट मॅप मागा. बिल दोन म्हणजे वाटा दोन नव्हेत.

शहापूरकर:
दादा, आयपीव्ही ६ मिळायलाच हवा. पण पत्ता मोठा झाला म्हणून वाट जवळची होत नाही. तो डेटाही मुंबईलाच जाणार.

ताई, प्रत हेड ऑफिसात ठेवलीत हे उत्तम. पण शाखेची लाईन एका कंपनीची आणि हेड ऑफिसची दुसरीची असेल, तर दोन गल्ल्यांपलीकडच्या त्या प्रतीपर्यंत शाखा पोचणार कशी? पुन्हा मुंबईवरूनच. हायवेवरची केबल तुटली की तीही गेली. दोन्ही कंपन्यांचा डेटा बेळगावात एकमेकांना भेटत असता, तर त्या दिवशी हायवे तुटूनही पासबुक छापलं जाण्याची सोय राहिली असती. मिलिसेकंदांचं मी आधी उगाच ताणलं, माझा खरा मुद्दा हा आहे.

शॉपच्या वरची खोली रिकामी आहे. थ्री फेज आहे, जनरेटर आहे. दोन कंपन्या तयार झाल्या तर स्विचचा खर्च मी करतो.

खानापूर केबल:
वरच्या कंपनीच्या इंजिनिअरला सोमवारी विचारतो. त्या खोलीत फायबर दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आणता येईल का, तेवढं तुम्ही आधी बघून ठेवा.