हावियेर, झेवियर, शावियेर हे एकच नाव का? अर्थ काय?

वेंगुर्ल्याचो_झील
मंडळी, शेजारच्या काकींना नातू झालाय, नाव ठेवतायत झेवियर. त्यांचा मुलगा बोटीवर असतो, तिथे एक स्पॅनिश माणूस आहे हावियेर म्हणून, तो म्हणाला हे तर माझंच नाव. आणि काकींचे सासरे म्हणे कायम शावियेर म्हणायचे. आता बाप्तिस्म्याच्या कार्डावर अर्थ छापायचाय आणि नेटवर कुठे "तारणहार" तर कुठे "तेजस्वी". कार्ड सगळ्या गावात जाणार, चुकीचं नको. नक्की काय ते कोणाला माहितीय?

खाडीपलीकडचा
तारणहार अजिबात छापू नका!! इंग्रजीतला सेव्हियर शब्द कानाला सारखा लागतो म्हणून कोणीतरी चिकटवलंय ते. नाव मूळचं बास्क भाषेतलं, एचे म्हणजे घर आणि बेरी म्हणजे नवं, झालं नवं घर. उत्तर स्पेनमध्ये नवारा भागात ह्या नावाचं गाव आहे, तिथला किल्ला अजून उभा आहे, १५०६ साली संत फ्रान्सिस झेवियर त्याच किल्ल्यात जन्मले. वडलांचं नाव हुआन दे हासो, म्हणजे झेवियर हे बापाकडून आलेलंही नाही, किल्ला आईकडचा. आपल्याकडे गावाला कर लावून आडनाव होतं ना तसंच, हावियेरकर म्हणा. १५४२ ला ते गोव्यात उतरले, १६२२ ला संतपद मिळालं आणि पुढे जगभर लोक मुलांना त्या गावाचं नाव ठेवायला लागले, मला तर हे फार भारी वाटतं. एचेव्हेरिया आडनाव ऐकलं असेल, तेही ह्याच दोन शब्दांचं.

फुटबॉलवेडा_मालवण
२०१० चा वर्ल्ड कप जिंकलेली स्पेनची टीम आठवा, शावी, शाबी अलोन्सो आणि हावी मार्टिनेझ. तिघांचं नाव हेच, एक कॅटलान भाषेतलं रूप, एक बास्क, एक स्पॅनिश.

वसईची_लेक
उच्चाराचं सांगते. हे नाव आधी एक्सने (X) लिहायचे आणि जुन्या स्पॅनिशमध्ये एक्स अक्षर श सारखं बोलायचे, नंतर तो श घशात गेला आणि ख-ह च्या मधला खरखरीत आवाज झाला, मग १८१५ ला तिथल्या भाषा अकादमीने अशा शब्दांत एक्सऐवजी जे (J) हे अक्षर लिहायचं ठरवलं. पोर्तुगीजांनी मात्र श सोडला नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीज, म्हणून काकींचे सासरे शावियेर म्हणायचे ते अगदी बरोबर. झेवियर हे इंग्रजी वळण, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं, तेव्हापासून तर सगळ्यांच्या तोंडात तेच. तमिळमध्ये सवेरियार म्हणतात, इटलीत सावेरियो.

वेंगुर्ल्याचो_झील
खूप आभार सगळ्यांचे. काकींका सांगितलंय, त्या म्हणतत "नया घर? बरा आसा मगे, ताच छापूया". फक्त बास्क भाषा म्हणजे काय ते लोक विचारणार, काय लिहू?

खाडीपलीकडचा
"स्पेनच्या बास्क भाषेतून, अर्थ नवं घर" एवढं पुरे. आणि संत झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरचं, १५५२ ला त्याच दिवशी चीनजवळच्या सांगचुआन बेटावर ते वारले, तीही तारीख टाका, पोराच्या नावाच्या संताचा दिवस तोच. छापण्याआधी प्रेसवाल्याकडून प्रूफ मागून घ्या, झे ची मात्रा बरेचदा उडते.