एव्हबरी : पाषाणवर्तुळात वसलेले गाव आणि पुन्हा उभ्या केलेल्या शिळा

वाटसरू

नमस्कार. पुढच्या महिन्यात कामानिमित्त लंडनला जाणे होणार असून त्यातला एक रविवार पूर्णपणे माझ्या हाती आहे. स्टोनहेंज मी पूर्वी पाहिलेले आहे. तेथे दोरीच्या अलीकडून, आखून दिलेल्या वाटेने फेरी मारून परतावे लागते आणि त्या फेरीने माझे काही समाधान झाले नव्हते. म्हणून या खेपेस त्याच विल्टशर काउंटीतले एव्हबरी हे छोटे गाव पाहावे असे मनात आहे. युनेस्कोने १९८६ मध्ये स्टोनहेंजच्या जोडीने एव्हबरीलाही जागतिक वारशाचा दर्जा दिला, तरी मराठी प्रवासवर्णनांत या गावाचा उल्लेख माझ्या फारसा वाचनात आलेला नाही.

वाचन करताना मात्र मी दोन ठिकाणी अडखळलो. गाव पाषाणवर्तुळाच्या शेजारी नसून चक्क त्याच्या आत आहे, घरे, दारूचा गुत्ता आणि वाहता रस्ता यांच्यासकट, हे कसे घडले? आणि आज उभ्या दिसणाऱ्या शिळांपैकी बऱ्याचशा १९३० च्या दशकापर्यंत जमिनीखाली होत्या व एका धनिकाने त्या पुन्हा उभ्या केल्या, असे असेल तर आपण जे पाहतो ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे म्हणायचे की नव्वद वर्षांपूर्वीचे? जाणकारांनी सांगावे. एक पूर्ण दिवस द्यावा का, हेही कळले तर बरे होईल.

जीर्णपत्रे

वाटसरू, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातूनच निघते, म्हणून क्रमाने लिहितो.

शिळांची वर्तुळे आणि त्यांच्याभोवतीचा खंदक व मातीचा बांध हे काम ढोबळमानाने इ.स.पूर्व २८५० ते २२०० या काळात टप्प्याटप्प्याने झाले. त्यानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी गाव आत शिरले. सॅक्सन लोकांची वस्ती आधी बांधाच्या पश्चिमेस, आज सेंट जेम्स चर्च आहे त्या बाजूला होती. त्या चर्चच्या मधल्या दालनाचा मूळ भाग सॅक्सन काळातला आहे. वस्ती वाढत गेली तशी ती रस्त्याच्या कडेकडेने पूर्वेला सरकली आणि बांध ओलांडून आत आली. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३० मीटर आहे, त्यात मुळात शंभराच्या आसपास शिळा होत्या आणि त्याच्या पोटात आणखी दोन वर्तुळे होती. ही दोन 'लहान' वर्तुळेसुद्धा प्रत्येकी शंभरेक मीटर व्यासाची, म्हणजे स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळाच्या तिप्पट. एवढ्या मोकळ्या जागेत चार घरे सहज मावत असताना ती कोणी बांधली नसती तरच नवल.

शिळांच्या दगडाला तेथे सार्सन म्हणतात. हा अतिशय कठीण वालुकाश्म असून पूर्वेकडच्या मार्लबरो डाउन्सच्या माळावर तो ठिकठिकाणी पडलेला आढळतो. एव्हबरीच्या शिळा स्टोनहेंजसारख्या घडवलेल्या नाहीत. जशा मिळाल्या तशाच ओढत आणून उभ्या केल्या आहेत.

आता त्या नाहीशा कशा झाल्या ते पाहू. येथे दोन वेगवेगळ्या काळांतल्या, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि अनेक लेखांत त्यांची सरमिसळ होते. चौदाव्या शतकाच्या सुमारास गावकऱ्यांनी कित्येक शिळांच्या पायथ्याशी खड्डे खणले, शिळा त्यांत आडव्या पाडल्या आणि वर माती लोटली. फोडल्या मात्र नाहीत. १९३८ मध्ये अशीच एक पुरलेली शिळा उघडी करताना तिच्याखाली एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्याजवळ कात्री, शल्यकर्मात वापरतात तसे एक टोकदार हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली तीन नाणी होती, त्यामुळे त्याला 'न्हावी-वैद्य' हे नाव पडले. शिळा पाडताना तो तिच्याखाली चिरडला गेला, अशी कथा बरीच वर्षे सांगितली जाई. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असे समजला गेलेला त्याचा सांगाडा १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा सापडला आणि तपासणीत चिरडून मृत्यू आल्याच्या खुणा काही त्याच्यावर दिसल्या नाहीत. तेव्हा तो आधीच मेलेला असून त्या खड्ड्यात त्याला मूठमाती दिली गेली असण्याचाही संभव आहे.

दुसरा प्रकार सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंतचा, आणि तो निव्वळ व्यवहाराचा. पुरावस्तूंचा अभ्यासक जॉन ऑब्री जानेवारी १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने येथे आला, थक्क झाला आणि पुढे १६६३ मध्ये त्याने राजा दुसरा चार्ल्स याला हे स्थळ दाखवले. परंतु राजा पाहून गेला म्हणून गावाची घरबांधणी थांबली नाही. त्याच्यासारखाच दुसरा अभ्यासक विल्यम स्टकली १७१९ ते १७२४ या काळात वारंवार येऊन मोजमापे घेत होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत शिळा फुटत होत्या. शिळा खड्ड्यावर आडवी करायची, खाली पेंढा पेटवून ती तापवायची, मग ठरवलेल्या रेषेवर गार पाणी ओतायचे आणि त्या रेषेवर घण घालायचे. तुकडे भिंतींना जात आणि रिकामी झालेली जमीन नांगराखाली येई. स्टकलीने शिळा फोडणाऱ्यांचे नावानिशी वाभाडे काढले आहेत. हे सारे ड्रुइड नावाच्या केल्ट पुरोहितांचे नागाच्या आकाराचे मंदिर होते, हा त्याचा सिद्धान्त मात्र पार चुकीचा होता. ड्रुइड त्यानंतर दोन हजार वर्षांनी आले. माणूस चुकीचा निष्कर्ष काढूनही अचूक नकाशा काढू शकतो, हे त्याच्यामुळे मला पटले.

यातून आपल्या शंकेचे उत्तर मिळते. ज्या शिळा फोडल्या त्या कायमच्या गेल्या आणि ज्या पुरल्या त्या वाचल्या. मुरंब्याच्या व्यवसायातून आलेल्या संपत्तीचा वारस अलेक्झांडर कायलर याने १९३४ ते १९३९ या काळात उत्खनन करून पुरलेल्या शिळा वर काढल्या आणि त्यांच्या मूळ खड्ड्यांत पुन्हा बसवल्या. जेथे शिळाच उरली नव्हती, पण तिचा खड्डा सापडला, तेथे त्याने काँक्रीटचा बुटका खुंट रोवला. म्हणजे शिळा खऱ्या, जागाही खऱ्या, त्यांना उभे करणारे हात तेवढे नवे. खुंट पाहून कित्येक जण नाक मुरडतात. मला मात्र ते प्रामाणिक वाटतात, कारण खोटी शिळा उभी करण्याचा मोह त्यात टाळलेला आहे. शिवाय कायलरचे काम मुख्यतः पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात झाले. महायुद्ध आले आणि पूर्वेकडचा भाग बहुतांशी तसाच राहिला. त्यामुळे पश्चिमेला शिळांची दाट रांग आणि पूर्वेला मोकळे कुरण असा जो फरक दिसतो, तो प्राचीन काळाचा नसून उत्खनन कोठवर पोहोचले त्याचा आहे.

रानवेल

मी तेथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर राहते आणि तिन्ही ऋतूंत अनेकदा गेले आहे. जीर्णपत्रे यांनी दिलेली माहिती चोख आहे, पण कायलरच्या बाबतीत त्यांनी हात जरा सैल सोडला असे मला वाटते. त्याने जमीन विकत घेतली आणि शिळांच्या आड येणारी घरे, गोठे व झाडे हटवली. १९४३ मध्ये त्याने आपली मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला १२,००० पौंडांना विकली, त्यानंतरही वर्तुळातल्या काही घरांचे पाडकाम चालू राहिले. बाहेर पडलेल्या कुटुंबांसाठी पश्चिमेला सुमारे एक किलोमीटरवर एव्हबरी ट्रूस्लो येथे घरे बांधण्यात आली. आज आपण नैऋत्येच्या भागात जे विस्तीर्ण हिरवे मैदान पाहून सुखावतो, तेथे पूर्वी परसदारे आणि अंगणे होती. चौदाव्या शतकात गावाने शिळा गाडल्या आणि विसाव्या शतकात शिळांसाठी गाव मागे सारले गेले, हा हिशेब पाहणाऱ्याच्या मनात असावा.

कायलरच्या आधी बँकमालक व खासदार जॉन लबक यांनी दुसरी रीत वापरली होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी वर्तुळाच्या आत नव्या घरांसाठी भूखंड पडणार असे दिसताच त्यांनी ती जागाच विकत घेतली. पुढे १८८२ चा प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, त्यामागे त्यांचीच चिकाटी होती. उमराव झाल्यावर त्यांनी 'लॉर्ड एव्हबरी' हेच नाव घेतले. त्यांनी कोणाचे छप्पर काढले नाही.

वाटसरू, आपण गेलात की आधी शिळांकडे न जाता घरांच्या आणि चॅपेलच्या भिंती पाहाव्यात, असे मी सुचवेन. सार्सनचे करडे तुकडे तेथे ओळीने बसवलेले दिसतात आणि त्यांतल्या काहींच्या कडेला फिकट तांबूस झाक असते. ती आगीची खूण आहे. मी पहिल्यांदा तिला शेवाळाचा प्रकार समजून नखाने खरवडून पाहिले होते. ती निघाली नाही. रस्त्याला लागून असलेली, सहसा स्विंडन स्टोन या नावाने ओळखली जाणारी प्रचंड शिळाही पाहावी. ती कधीच पडलेली नाही आणि कोणी पुन्हा उभीही केलेली नाही. आपल्याला खऱ्या-खोट्याची शंका आहेच, तर तिच्याजवळ थोडे थांबावे. तिला हातही लावता येतो. येथे दोरी नाही आणि वर्तुळात फिरायला तिकीटही नाही. वाहनतळ, मॅनर हा जुना वाडा आणि कायलरने उभारलेले संग्रहालय यांना मात्र पैसे पडतात. शिळांमधून मेंढ्या चरत असतात, तेव्हा फाटके आठवणीने लावून घ्यावीत.

वाटसरू

दोघांचेही मनापासून आभार. भिंतींचे मला सुचलेच नसते. आता दिवस द्यायचा हे निश्चित झाले. गावाच्या दक्षिणेला सिल्बरी हिल नावाची मानवनिर्मित टेकडी आहे असे दिसते. तिच्या माथ्यावरून सगळा परिसर एका नजरेत येईल का? आणि गुडघा थोडा कुरकुर करीत असला तरी किती चालणे झेपेल, याचाही अंदाज हवा आहे.

मोजपट्टी

सिल्बरीवर चढण्यास मनाई आहे आणि त्यामागे कारणही तसेच आहे. ही टेकडी सुमारे ३९ मीटर उंच असून इ.स.पूर्व २४०० च्या आसपास खडूचे दगड आणि माती यांच्या थरांनी रचलेली आहे. प्रागैतिहासिक काळातला मानवनिर्मित ढिगारा म्हणून युरोपात हिच्याएवढा दुसरा नाही. आत राजा पुरलेला असणार, या आशेने १७७६ मध्ये माथ्यापासून तळापर्यंत सरळ विवर खणले गेले, १८४९ मध्ये बाजूने बोगदा मारला गेला आणि १९६८ ते १९७० या काळात बीबीसीच्या साथीने आणखी एक बोगदा झाला. राजा मिळाला नाही, सोनेही मिळाले नाही. जुन्या खोदकामांची भर नीट घातली गेली नव्हती; मे २००० मध्ये माथ्यावर अचानक खोल खड्डा पडला, तेव्हा हे उघडकीस आले. २००७ आणि २००८ मध्ये आतल्या पोकळ्या खडूने ठासून भरून टेकडी सावरण्यात आली. मी स्वतः बांधकामाच्या क्षेत्रातला असल्याने मला त्या टेकडीपेक्षा तिच्या दुरुस्तीचीच हकीकत अधिक रंजक वाटते, हे कबूल करतो.

एव्हबरीच्या खंदकाचेही आकडे सांगण्याजोगे आहेत. आज तो उतरत्या गवताचा रुंद चर वाटतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी दक्षिण प्रवेशाजवळ तो मूळ तळापर्यंत उकरला, तेव्हा खोली सुमारे ९ मीटर भरली; म्हणजे तीन मजली घर आत उभे राहिले असते. एवढे खोदकाम हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी झालेले आहे आणि वापरून टाकलेली शिंगे तळाशी सापडलीही. शिळांना हात लावून झाला की त्या बांधावर उभे राहून खाली पाहावे आणि आता दिसते त्याच्या दुपटीहून अधिक खोली मनात धरावी. पांढऱ्याशुभ्र खडूचा तो चर नवा असताना कसा झळकत असेल, याची मग कल्पना येते.

रानवेल

चालण्याविषयी सांगते. पूर्ण फेरी आठ ते दहा किलोमीटरची होते : वर्तुळापासून दुतर्फा शिळांच्या वेस्ट केनेट ॲव्हेन्यूने सुमारे अडीच किलोमीटर ओव्हरटन टेकडीवरच्या सँक्च्युअरी या लाकडी खांब व शिळांच्या प्राचीन वर्तुळाच्या जागेपर्यंत, तेथून पश्चिमेला वेस्ट केनेट लाँग बॅरो या दफनटेकडीपर्यंत आणि सिल्बरीच्या कडेने परत गावात. सँक्च्युअरीत आज काँक्रीटच्या खुणांखेरीज काही नाही. १७२० च्या दशकात ती उद्ध्वस्त झाली आणि १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन यांनी स्टकलीच्या नोंदींच्या आधारे तिची जागा पुन्हा शोधली. गुडघ्याची तक्रार असेल तर हा टप्पा निःसंकोच गाळावा आणि ॲव्हेन्यूच्या पहिल्या काही जोड्या पाहून मागे फिरावे.

लाँग बॅरो मात्र चुकवू नये. सुमारे शंभर मीटर लांबीची ही दफनटेकडी इ.स.पूर्व ३६५० च्या सुमाराची, म्हणजे वर्तुळापेक्षाही कित्येक शतके जुनी आहे आणि तिच्या दगडी खोल्यांत किमान छत्तीस जणांचे अवशेष मिळाले होते. खोल्यांत आत जाता येते. विजेरी सोबत असावी आणि तिचा झोत तिरपा धरून आतल्या शिळा न्याहाळाव्यात : एकीवर दगडी कुऱ्हाडी घासून गुळगुळीत झालेला भाग हाताला स्पष्ट लागतो. ती घासणी टेकडी बांधली जाण्याच्या आधीची आहे. एका पिढीचे कामाचे दगड पुढच्या पिढीने थडग्यात बसवले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून स्विंडनपर्यंत आगगाडीने साधारण एक तास लागतो आणि तेथून एव्हबरीला बस जाते. रविवारी बसफेऱ्या कमी असतात, तेव्हा परतीची शेवटची बस कोणती हे सकाळीच पाहून ठेवावे. मी एकदा लाँग बॅरोत रमले आणि पुढच्या बसची वाट पाहत दीड तास पावसात उभी होते. आपला रविवार एकवीस जूनच्या आसपास येत असेल, तर त्या दिवसांत तेथे उन्हाळी अयनदिनासाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसासाठी, मोठी गर्दी जमते, एवढे ध्यानात असू द्यावे.