विषय: उरलेले हॉप्स कसे टिकवायचे?

रेंटनहून, नि.

नमस्कार मंडळी,

आपल्या ईमेल यादीवर घरी बिअर करणारे तीन-चार जण आहेत हे सहलीत कळलं, म्हणून इथेच विचारतो.

पाच गॅलनच्या (१९ लिटर) एका खेपेला मला साधारण ४० ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं) लागतात. औंसाची पाकिटं महाग पडतात, म्हणून उन्हाळ्यात हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्यांचं एक पाऊंडाचं पाकीट घेतलं. दोन खेपा केल्या आणि उरलेलं त्याच चंदेरी पिशवीत, तोंड दुमडून, चिमटा लावून फ्रिजमध्ये ठेवलं. पाच महिन्यांनी काल उघडलं तर जुन्या चीजसारखा वास! तीनशेहून जास्त ग्रॅम आहेत. बाळ झाल्यापासून घर एका पगारावर चालतंय, छंदासाठी महिन्याला २५ डॉलर बाजूला काढतो. टाकून द्यायचा जीव होत नाही. काही करता येईल का?

बॉथलहून, काका

नि.,

ते हॉप्स आता तुझ्या बिअरला नकोत. वाईट वाटेल, पण एका खेपेचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि तुझा अख्खा रविवार त्याहून महाग आहे. तो वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. हॉप्समधली कडू अल्फा आम्लं हवेने बिघडत गेली की ते तयार होतं. उकळताना थोडं उडून जातं, पण ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये, घातलंस तर सरळ ग्लासात उतरेल. ब्रसेल्सच्या आसपास लँबिक ही आंबट बिअर करणारे मुद्दाम जुने, मुरवलेले हॉप्स वापरतात हे खरं. पण त्यांना हॉप्सचा सुगंध नको असतो, कडवटपणाही फारसा नको असतो. नको ते जंतू दाबून ठेवायला हॉप्स लागतात. तू पेल एल ही फिकट रंगाची बिअर करतोस, तुला नेमका सुगंधच हवा.

पाऊंड घेतलास ही चूक नव्हे. फ्रिजने उष्णता आणि उजेड दोन्ही आवरले, हवा मात्र पिशवीतच राहिली. शिवाय प्रत्येक वेळी उघडताना नवी हवा आत गेली. कारखान्यात त्या पिशवीतली हवा काढून नायट्रोजन भरतात. कात्री लागली की ते कवच संपलं.

मी पाकीट फोडतो त्याच संध्याकाळी सगळं वाटून टाकतो. तराजूवर २८-२८ ग्रॅमच्या पुड्या करायच्या, वॅक्यूम सीलरने बंद करायच्या आणि थेट फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना. सीलर मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला. नवा घ्यायची गरज नाही. पिशवी लागते त्यापेक्षा चार बोटं जास्त लांब काप, म्हणजे वापरून झाल्यावर तीच पुन्हा सील करता येते. गोळ्यांची भुकटी तोंडाशी अडकली तर सील नीट धरत नाही, म्हणून गोळ्यांवर पेपर टॉवेलचा तुकडा ठेवायचा. साधी झिपची पिशवी चालत नाही. तिच्या पातळ प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत जातो. ओळखायची खूण सोपी आहे: बाहेर हॉप्सचा वास येत असेल तर आत हवा जाते आहे.

तापमान साधारण १५ अंशांनी उतरलं की बिघाडाचा वेग अर्ध्यावर येतो. म्हणजे २० अंशांच्या खोलीच्या तुलनेत फ्रीजरमध्ये तो जवळपास एक षष्ठांश. हवा काढलेली असेल तर त्याहूनही कमी.

पैसे वाचवायचे असतील तर खरी गोष्ट पुढे आहे. कॅस्केड मुळातच टिकत नाही. साध्या तापमानाला सहा महिन्यांत त्यातली अल्फा आम्लं निम्म्यावर येतात. मॅग्नम या दुसऱ्या जातीतली त्याच अवस्थेत ऐंशी टक्के शिल्लक असतात. शिवाय मॅग्नममध्ये अल्फा आम्लं १२ ते १४ टक्के, कॅस्केडमध्ये ५ ते ७. तेवढ्याच कडवटपणाला निम्मा माल पुरतो! म्हणून साठ मिनिटं उकळायला मॅग्नम पाऊंडाने घे, आणि शेवटच्या सुगंधापुरते कॅस्केड औंसाने. आपल्या वॉशिंग्टन राज्यातलं हॉप्स पिकवणारं याकिमा डोंगरापलीकडे, गाडीने अडीच तासांवर. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर तिथे तोडणी चालते. नवं पीक बाजारात आलं की मागच्या वर्षीचं स्वस्त होतं. बंद पाकिटातलं मागच्या वर्षीचं मॅग्नम कडवटपणासाठी बिनदिक्कत घे.

प्रत्येक पुडीवर जात, अल्फाचा टक्का, पिकाचं वर्ष आणि फोडल्याची तारीख लिही. ५.५ टक्क्यांचे कॅस्केड ४.५ वर उतरले असतील असा अंदाज असेल तर ३० ग्रॅमऐवजी ३७ घालायचे. टक्का लिहिलेला नसेल तर हा हिशोब करणार कशाचा?

केंटहून, ताई

काकांच्या म्हणण्यात दोन गोष्टी घालते.

सीलर नसेल तर काचेची बरणी. गोळ्या काठोकाठ भरायच्या, वर मोकळी जागा नको. मी हिंगाची डबी जशी घट्ट बंद ठेवते तसंच हे. पण मी एकदा हॉप्स साध्या पिशवीत, खवलेल्या नारळाशेजारी ठेवले आणि नारळी भाताला हॉप्सचा वास लागला. सासूबाई भारतातून आल्या होत्या, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून हॉप्स वेगळ्या खणात, काचेतच. फ्रीजरमधली बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर गार गोळ्यांवर दव धरतं.

दुसरं, नि., तुमच्याकडे कुत्रा आहे ना? मग ते खराब हॉप्स कंपोस्टमध्ये किंवा अंगणात अजिबात टाकू नकोस. हॉप्स खाऊन कुत्र्यांचा ताप भयंकर चढतो, जीवही जातो. बिअर करून उरलेला चोथासुद्धा पिशवीत बांधून थेट कचऱ्याच्या डब्यात, झाकण लावून.

रेंटनहून, नि.

काका, ताई, मनापासून आभार. कुत्र्याचं मला माहीतच नव्हतं. काल रात्रीच सगळं बांधून टाकलं. चोथा आजवर मी कोपऱ्यातल्या ढिगावर टाकत होतो, तोही आज उपसला.

मॅग्नमचा एक पाऊंड तिघांत घेऊ या का? प्रत्येकी १५० ग्रॅम म्हणजे माझं वर्षभराचं काम झालं. काका, तुमचा सीलर शनिवारी मिळेल का? तराजू आणि पिशव्यांचा रोल मी घेऊन येतो.

बॉथलहून, काका

दहानंतर ये. पुड्या तिघांच्या एकदमच करू. ताई, बरण्या धुऊन पूर्ण कोरड्या करून पाठव.