स्टीमबोटला सहकुटुंब स्कीइंग: झाडांमधले उतार नवशिक्यांना कितपत झेपतील?

कोथरूडवासी

नमस्कार. येत्या हिवाळ्यात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या स्टीमबोट येथे सहकुटुंब स्कीइंगला जाण्याचा आमचा विचार पक्का होत आला आहे. माझा धाकटा भाऊ डेन्व्हरला असतो आणि गेली काही वर्षे तो प्रत्येक फोनवर याच डोंगराचे गुणगान करतो. बर्फाने भरलेल्या झाडांच्या राईतून वाट काढत खाली येण्यात जी मजा आहे ती मोकळ्या उतारावर नाही, असे त्याचे म्हणणे आहे आणि त्यासाठी स्टीमबोटसारखी जागा नाही, असेही तो सांगतो.

अडचण अशी की त्याच्याखेरीज आमच्यापैकी कोणीही स्कीवर उभे राहिलेले नाही. मी आणि पत्नी चाळिशीत आहोत, मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि सोबत आई आहे, जी स्कीइंग करणार नाही, पण घरात बसून राहणेही तिला मानवणारे नाही. जो डोंगर झाडांमधल्या स्कीइंगसाठी नावाजलेला आहे तो आमच्यासारख्यांसाठी योग्य आहे का, की तिथे जाऊन आम्ही पायथ्याशी फोटो काढत बसू? मुलांच्या नाताळच्या सुट्टीत जावे की दुसरा काळ निवडावा? आणि भाऊ ‘मीच शिकवतो, शिकवणीवर पैसे कशाला घालवता’ म्हणतो आहे, ते मानावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डोंगरयात्री

नोकरीनिमित्त काही वर्षे कोलोरॅडोत होतो, आता बाणेरला असतो. आपली मुख्य शंका आधी घेतो. स्टीमबोटची कीर्ती झाडांमुळे असली तरी डोंगर केवळ झाडांचा नाही. पायथा सुमारे ६,९०० फुटांवर आणि माथा १०,५६८ फुटांवर आहे आणि या दोहोंच्या मध्ये यंत्राने दाबून सपाट केलेले हिरव्या व निळ्या दर्जाचे रुंद उतार भरपूर आहेत. (हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा चौकट-आकार म्हणजे अवघड, ही तिथली खूण लक्षात ठेवावी.) नवशिक्यांसाठी डोंगराच्या मधल्या टप्प्यावर ‘ग्रीनहॉर्न रँच’ नावाचे स्वतंत्र मैदान केलेले असून ‘वाइल्ड ब्लू’ गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) थेट तिथे उतरता येते. सरकत्या पट्ट्यावर उभे राहून चढ चढायचा आणि अगदी मंद उतारावरून खाली यायचे, अशी तिथली सुरुवात असते. शिवाय वेगाने जाणाऱ्या अनुभवी लोकांची ये-जा तिथे नसल्याने मोठ्या माणसांची भीतीही लवकर मोडते. थोडा सराव झाला की ‘व्हाय नॉट’ हा लांबलचक, वळणावळणाचा हिरवा उतार कुटुंबाने एकत्र उतरण्यासाठी उत्तम आहे.

ज्या झाडांसाठी लोक तिथे जातात, त्या ‘शॅडोज’ आणि ‘क्लोझेट्स’ या राया मात्र काळ्या दर्जाच्या आहेत. पहिल्या सहलीत त्या आपल्या नाहीत, हे भावाला आत्ताच स्पष्ट सांगून ठेवावे. मुलांपैकी कोणी चांगले शिकले, तर हिरव्या व निळ्या उतारांच्या कडेने झाडांत शिरून लगेच बाहेर येणाऱ्या छोट्या वाटा असतात, त्या प्रशिक्षकासोबत जरूर कराव्यात. झाडांची चव तेवढ्याने कळते.

या डोंगरावर हे स्कीइंग का जमते, याचे कारण मोठे सुरेख आहे. तिथल्या राया मुख्यतः ॲस्पेनच्या आहेत. हे झाड पानझडी असल्याने हिवाळ्यात उजेड थेट बर्फापर्यंत पोहोचतो. झाड उंच होत जाते तशा खालच्या फांद्या गळून पडतात आणि डोळ्यांच्या उंचीवर केवळ पांढरट, गुळगुळीत खोडे उरतात. गळलेल्या फांद्यांच्या जागी खोडांवर काळे वण असतात, ते इतके हुबेहूब डोळ्यांसारखे दिसतात की पहिल्यांदा राईत थांबलेला माणूस नकळत वळून पाहतो. वारा आत शिरत नाही, म्हणून पडलेला भुसभुशीत बर्फ जसाच्या तसा राहतो. शिवाय हिमवर्षाव चालू असताना मोकळ्या उतारावर जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगात मिसळतात आणि चढउतार कळेनासे होतात, तेव्हा झाडांच्या गडद रेषांमुळे डोळ्यांना आधार मिळतो. तिथला कोरडा, हलका बर्फ ‘शॅम्पेन पावडर’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेले आहे. जाहिरातबाजी म्हणून सोडून देण्याजोगे असले, तरी बर्फ खरोखरच तसा आहे.

काळाविषयी माझे मत नाताळच्या विरुद्ध आहे. त्या आठवड्यात दर सर्वांत चढे आणि गर्दी सर्वांत जास्त असते, शिवाय डिसेंबरअखेर झाडांमधला बर्फाचा थर बहुधा पुरेसा जाड झालेला नसतो, त्यामुळे पडलेले ओंडके आणि खुंट जेमतेम झाकलेले असतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा खरा काळ. मुलीची दहावी पुढच्या वर्षी आहे, तेव्हा यंदा शाळेला काही दिवस दांडी मारणे परवडण्याजोगे आहे, असे मला वाटते. मार्चमध्ये जायचे ठरले, तर डोंगराचा बराचसा भाग पश्चिमेकडे तोंड करून असल्याने दुपारनंतर बर्फ ओला आणि जड होतो, म्हणून सकाळ साधावी लागते. अर्थात व्हिसा आधी, बाकीचे सगळे नंतर.

राहिला भावाचा प्रश्न. त्याने आपल्याला विमानतळावरून आणावे, स्वयंपाकाला मदत करावी, संध्याकाळी गप्पा माराव्यात, पण शिकवू नये. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवण्याचे प्रयोग ज्या घरांत झाले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. चांगला स्कीपटू आपण काय करतो हे शब्दांत सांगू शकेलच असे नाही, शिवाय त्याचे स्वतःचे मन वरच्या झाडांत अडकलेले असणार. पहिले निदान दोन दिवस चौघांनीही रीतसर शिकवणी घ्यावी, मुलांची वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. सुट्टीच्या आठवड्यांत मुलांचे वर्ग लवकर भरतात, हे ध्यानात ठेवावे. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकिटांचेही तसेच आहे. ऐन वेळी खिडकीवर घेतलेले तिकीट डोळे पांढरे करते. स्टीमबोट ‘आयकॉन पास’मध्ये (अनेक स्की-डोंगरांवर चालणाऱ्या सामाईक पासमध्ये) येते आणि तो पास हंगामापूर्वी जितका लवकर घ्यावा तितका स्वस्त पडतो.

हिमरेषा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी एक पर्याय सुचवते. कुटुंबातल्या चौघांना स्कीइंग आवडेल की नाही हेच ठाऊक नसताना थेट अमेरिकेचा खर्च करण्यापेक्षा आधी गुलमर्गला पायथ्याच्या मंद उतारांवर शिकून पाहावे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे आणि स्थानिक प्रशिक्षकही चांगले आहेत. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत जातो आणि त्याखालच्या जंगलातही झाडांमधले स्कीइंग चालते, पण ती झाडे फर आणि पाइनची, म्हणजे दाट व खालपर्यंत फांद्या असलेली आहेत, त्यामुळे नवशिक्यांनी त्यांच्याकडे लांबूनच पाहावे. दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथले उतार बहुतांशी न दाबलेले असून हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे स्कीइंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटकाचा मृत्यू झाला होता. कुटुंबाने पहिल्या टप्प्याच्या वर स्की घेऊन जाण्याचे कारण नाही.

कोथरूडवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गुलमर्गचा विचार आम्ही केला होता, पण भावाची भेट आणि आईचे त्याच्या घरी राहणे हाही या प्रवासाचा हेतू असल्याने स्टीमबोटच ठेवतो. भावाला शिकवणीबद्दल कळवले, तो थोडा फुरंगटला आहे. मुलगी मात्र चांगली स्केटिंग करते, त्यामुळे ती दोन-तीन दिवसांत झाडांत जाण्याचा हट्ट धरणार हे आत्ताच दिसते आहे. तिला कधी सोडावे आणि काय बजावून सोडावे? आईसाठीही काही सुचवावे.

सह्यभटक्या

इनलाइन स्केटिंग येत असेल, तर शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे आणि कडेवर तोल सांभाळणे तिला लवकर जमेल. मात्र त्यामुळे वेग लवकर येतो आणि ताबा मागाहून, हीच गोष्ट झाडांत घातक ठरते. माझी कसोटी सोपी आहे. निळ्या उतारावर आपण ‘आता’ म्हटल्याबरोबर तिला दोन्ही बाजूंना वळून थांबता आले पाहिजे आणि उताराच्या अरुंद पट्ट्यात, एका बाजूची कड न ओलांडता, लहान लहान वळणे सलग घेता आली पाहिजेत. हे जमेपर्यंत झाडे नाहीत. जमल्यावरही पहिल्यांदा प्रशिक्षकासोबतच.

आत गेल्यावर नजर झाडांवर नव्हे, दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण जिथे पाहतो तिकडेच शरीर वळते. हातातल्या काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून टाकायचे, म्हणजे काठी फांदीत अडकली तर हात ओढला जात नाही. हेल्मेट आणि गॉगल तर हवेतच.

सर्वांत महत्त्वाचा धोका खोडाभोवतीच्या खड्ड्याचा आहे आणि आपल्याकडे तो फारसा कोणाला माहीत नसतो. फर किंवा स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे खोडाभोवती भुसभुशीत बर्फाची पोकळी तयार होते, जी वरून अजिबात दिसत नाही. माणूस डोके खाली अशा अवस्थेत तिच्यात पडला, तर सभोवतालचा बर्फ ढासळून अंगावर येतो आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडणे बहुतेक वेळा अशक्य होते. श्वास कोंडून मृत्यू होण्यास फार वेळ लागत नाही. ॲस्पेनच्या राईत खाली फांद्या नसल्याने हा धोका बराच कमी, पण स्टीमबोटवर, विशेषतः वरच्या भागात, सूचिपर्णी झाडेही आहेत आणि राया मिसळलेल्या असतात. म्हणून नियम असा की झाडांत एकट्याने जायचे नाही, जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा, दर थोड्या अंतरावर थांबून एकमेकांना हाक द्यायची आणि गळ्यात शिट्टी ठेवायची. ‘खाली भेटू’ हे वाक्य झाडांत चालत नाही, कारण खाली पोहोचलेल्या माणसाला उलट वर चढून यायला अर्धा तास लागतो. तोल गेलाच, तर फांदी किंवा खोड कवटाळून डोके वर ठेवण्याची धडपड करायची. मोठा बर्फ पडल्यावरचा दिवस सर्वांत मोहाचा आणि याच कारणाने सर्वांत जपून राहण्याचा असतो. स्की-क्षेत्राच्या सीमेवरची दोरी ओलांडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही.

पायांची तयारी आत्तापासून करावी. सिंहगड चढण्यापेक्षा पर्वतीच्या पायऱ्या सावकाश, गुडघे किंचित वाकवून उतरणे अधिक उपयोगाचे, कारण स्कीइंगमध्ये मांड्या उतरतानाच भरून येतात. आणि प्रवासविमा घेताना स्कीइंग त्यात समाविष्ट आहे की ‘साहसी खेळ’ म्हणून वगळले आहे, ते बारीक अक्षरांत वाचावे. अमेरिकेत मोडलेल्या पायाचे बिल विम्याशिवाय भरणे कोणालाही परवडत नाही.

शनिवारपेठ

मातोश्रींविषयी लिहिते. स्टीमबोट हे केवळ रिसॉर्ट नाही, जुने, वस्तीचे गाव आहे आणि गावातली बससेवा विनामूल्य आहे, त्यामुळे गाडीवाचून त्यांचे अडत नाही. स्कीशिवाय गोंडोलाने वर जाऊन चहा घेऊन खाली येण्याचे तिकीट मिळते. गावातल्या हॉवेल्सन हिल या टेकडीवर १९१५पासून स्कीइंग चालू आहे. तिथे संध्याकाळी स्थानिक मुलांच्या स्कीवरच्या उड्यांचा सराव पाहणे हा त्यांना डोंगरापेक्षाही आवडेल असा कार्यक्रम आहे.

स्ट्रॉबेरी पार्क येथील गरम पाण्याची कुंडे सुंदर आहेत, पण तिथे उजेडातच जावे. अंधार पडल्यावर १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो आणि त्यानंतर पोहण्याचा पोशाख ऐच्छिक असतो. मातोश्री सोबत असताना ही माहिती आधी असलेली बरी.

राहण्यासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे आणि इथून छोटा प्रेशर कुकर न्यावा. त्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातली तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कचकच लागते. डेन्व्हरला उतरल्यावर दोन दिवस भावाकडे काढून मगच वर गेलात, तर आईंना आणि मुलांना उंचीचा त्रास कमी होईल. पाणी सतत प्यावे, हवा फार कोरडी असते.

डेन्व्हरहून रस्ता सुमारे अडीचशे किलोमीटरचा, कोरड्या दिवशी तीन-सव्वातीन तासांचा आहे. मात्र आय-७० महामार्गावर ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून आणि शेवटी ९,४२६ फुटांच्या रॅबिट इअर्स घाटातून जावे लागते. आय-७०च्या डोंगराळ पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात हिवाळी टायर, चारही चाके चालणारी गाडी किंवा साखळ्या यांपैकी काहीतरी असणे कायद्याने बंधनकारक आहे. भावाची गाडी सहा जणांना व सामानाला पुरणार नसेल, तर भाड्याच्या दुसऱ्या गाडीचे टायर ताब्यात घेतानाच तपासावेत आणि शनिवारी सकाळी निघणे टाळावे, कारण त्या वेळी सारे डेन्व्हर त्याच रस्त्याला लागलेले असते.