कमी चाललेल्या जुन्या बाईकचे टायमिंग बेल्ट: किलोमीटर पाहावेत की वर्षे?

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी भुसावळच्या एका गृहस्थांकडून डुकाटी स्क्रॅम्बलर ही ८०३ सीसीची गाडी घेतली. नोंदणी २०१६ सालची आहे आणि मीटरवर फक्त ६,४०० किलोमीटर आहेत. मालक नोकरीमुळे परगावी राहत असल्याने गाडी बहुतेक वर्षे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली होती, आणि त्यांचे वडील दर पंधरा दिवसांनी सेल्फ मारून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवत असत. रंग, सीट, सायलेन्सर सारे नव्यासारखे आहे.

माझी अडचण टायमिंग बेल्टची आहे. पुस्तिकेत बेल्ट बदलण्यासाठी किलोमीटरची एक मर्यादा आणि ५ वर्षांची दुसरी मर्यादा दिली असून, यांपैकी जी आधी येईल ती पाळावी, असे म्हटले आहे. किलोमीटरची मर्यादा अजून फार दूर आहे, वर्षांची मात्र कधीच उलटली आहे. सर्व्हिस बुकात सुरुवातीच्या दोन सर्व्हिसिंगांचे शिक्के आहेत, पण बेल्ट बदलल्याची नोंद कोठेही नाही. मित्रांचे म्हणणे असे की, जी गाडी चाललीच नाही तिचा बेल्ट झिजेल कसा? अधिकृत सर्व्हिस सेंटर माझ्या दृष्टीने पुण्यातच सोयीचे, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. दिवाळीनंतर तोरणमाळला जाण्याचा बेत आहे. तोपर्यंत थांबावे का, बेल्ट नुसता पाहून त्याची अवस्था कळते का, आणि पुण्याला गाडी चालवत न्यावी की टेम्पोत घालून, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर (भुसावळ) यांचे उत्तर

भाऊ, तोरणमाळची गोष्ट नंतर. बेल्ट बदलेपर्यंत ही गाडी चालवू नका, असे मी स्पष्टपणे सांगेन, आणि त्यामागचे कारण नीट समजावून देतो.

आपल्याकडच्या बहुतेक बाईकमध्ये कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, हलवणारा दांडा) फिरवण्यासाठी साखळी असते. ती इंजिनाच्या आत तेलात चालते, आणि ढिली झाली की खडखड करून आधीच कळवते. त्यामुळे ‘बेल्ट’ म्हटले की आपल्या लोकांना स्कूटरचा बेल्ट आठवतो. तो तुटला तर स्कूटर जागीच उभी राहते, ढकलत घरी न्यावी लागते, आणि विषय तेवढ्यावर संपतो. तुमच्या गाडीतला बेल्ट त्या जातीचा नाही. तो दातेरी आहे, इंजिनाच्या उजव्या बाजूला प्लास्टिकच्या कव्हरखाली कोरडाच चालतो, आणि दोन सिलिंडरांना मिळून असे दोन बेल्ट आहेत. व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, हे तेच ठरवतात. डुकाटीने पँटा या मॉडेलपासून ही पद्धत आणली. त्याआधी हे काम शाफ्ट आणि गिअर करत असत.

या इंजिनात व्हॉल्व्ह मिटवायला नेहमीसारखी स्प्रिंग नसते. उघडण्यासाठी एक आणि मिटण्यासाठी एक असे दोन वेगळे रॉकर (व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे हात) असतात, आणि दोन्ही कॅमवर चालतात. बेल्ट तुटला किंवा त्याने दाता सोडला की कॅम जिथल्या तिथे थांबतो, व्हॉल्व्ह उघडा असेल तर उघडाच राहतो, आणि खालून येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो. शिवाय दुसऱ्या सिलिंडरचा बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद पडत नाही; तुम्ही क्लच दाबून स्विच बंद करेपर्यंत पिस्टनचे घाव चालूच राहतात. मग हेड उतरवणे, वाकलेले व्हॉल्व्ह, गाइड आणि कधी कधी पिस्टनसुद्धा, असा खर्च निघतो. दोन बेल्टांच्या किमतीशी त्याची तुलनाच होत नाही.

आता तुमच्या मित्रांच्या शंकेबद्दल. बेल्ट झिजण्याची दोन कारणे असतात आणि त्यांतले एकच चालण्याशी जोडलेले आहे. बेल्ट रबराचा असतो, आत ताण घेणारे बारीक धागे असतात आणि दातांवर कापडाचा थर असतो. धाग्यांवर ताण येतो तो गाडी चालल्याने. पण रबर कडक होते ते उष्णतेने, हवेने आणि काळाने, मग गाडी चालो वा न चालो. आपल्या भुसावळच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, हे मी वेगळे सांगायला नको. तापमान १० अंशांनी वाढले की रबर खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. थंड गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी आणि तुमची गाडी यांची वर्षे त्यामुळे सारखी मोजता येणार नाहीत.

उभ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. बेल्ट महिनोन्महिने पुलीवर आणि त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या रोलरवर त्याच जागी वाकलेला राहतो आणि तिथे त्याला तो आकार बसतो. वडिलांनी दर पंधरवड्याला सेल्फ मारला, त्याचा बॅटरीला थोडा उपयोग झाला असेल, बेल्टला मात्र त्यामुळे काहीच आधार मिळालेला नाही.

लळिंग (धुळे) यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, कारण हा धडा मी चारचाकीवर शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी मी एक वापरलेली डिझेल गाडी घेतली होती. विकणाऱ्याने बेल्ट ‘नुकताच बदलला आहे’ असे सांगितले, मी बिल मागितले नाही, आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये एकदम कट्कन आवाज येऊन इंजिन गप्प झाले. पाठीमागे उसाने भरलेला ट्रक होता आणि गाडीत माझी आई होती. गाडी कशीबशी कडेला घेतली, आणि रस्त्यावर उभा राहून मी जो विचार केला तो खर्चाचा नव्हता. हेड उघडल्यावर आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकलेले निघाले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की, तारीख आणि रीडिंग लिहिलेले बिल हातात नसेल तर बेल्ट बदललेला नाही, असेच धरून चालायचे. विकणारा खोटे बोलतो असे नाही. अनेकदा त्यालाच ठाऊक नसते. गॅरेजवाल्याने ‘बेल्ट चेक केला’ म्हटलेले मालक ‘बदलला’ असे ऐकतात.

तुम्ही एक गोष्ट मात्र जरूर करा. चॅसिस नंबर देऊन पुण्याच्या सेंटरला फोन करा आणि त्यांच्याकडे या गाडीच्या कामाची नोंद आहे का, ते विचारा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, तेही पाहा. गाडी शोरूममध्ये बरेच दिवस उभी राहिली असेल तर नोंदणीच्या तारखेपेक्षा बेल्ट जुना असू शकतो. टायरच्या बाजूवर चार अंकांचा कोड असतो, त्यातील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. तिथे ‘१५’ किंवा ‘१६’ साल निघाले तर गाडीचे रबर कोणीच बदललेले नाही, हे ओळखून घ्या आणि टायरचाही विचार करा.

सातपुडा रायडर (चोपडा) यांचे उत्तर

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. कंपनी मर्यादा ठरवते तेव्हा ती सुरक्षिततेसाठी काही अंतर राखूनच ठरवते. पाच वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी बेल्ट तुटतो, असे नाही. माझ्या गाडीचे बेल्ट मी सातव्या वर्षी बदलले आणि तोवर काही झाले नाही. कव्हर उघडून पाहायला फारसा वेळ लागत नाही. दातांच्या मुळाशी भेगा, कडांना निघालेले धागे, दातांवर आलेली चकाकी किंवा तेलाचा ओलावा यांपैकी काहीच दिसले नाही, तर बेताच्या वेगाने पुण्यापर्यंत जायला हरकत नसावी, असे मला वाटते.

जुना फिटर (भुसावळ) यांचे उत्तर

चोपड्याच्या भाऊंचे निरीक्षण चुकीचे नाही. भेगा, चकाकी किंवा तेल दिसले तर बेल्ट नक्कीच गेलेला आहे. पण यांपैकी काही दिसले नाही म्हणून तो चांगला आहे, असे उलट ठरत नाही. ताण घेणारे धागे रबराच्या आत असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय सातव्या वर्षी बदललेला बेल्ट स्वतः वापरलेल्या, माहितीतल्या गाडीचा होता. इथे नऊ वर्षांहून जुना, शेडमध्ये भाजलेला, नोंद नसलेला बेल्ट आहे. बेताच्या वेगानेही कॅम मिनिटाला हजारो फेरे घेतोच. म्हणून पिकअप किंवा छोटा हत्ती करा, पुढचे शॉकॲब्सॉर्बर अर्धे दाबले जातील इतपत पट्टे आवळा, आणि गाडी पुण्याला पोहोचवा.

जवळपासच कोणाकडून काम करवून घेणार असाल तर त्याने हे इंजिन आधी उघडलेले असावे. हवेने थंड होणाऱ्या या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात काम अवघड नाही, पण घाईचे नाही. पुलीवरच्या खुणा जुळवून, जुन्या बेल्टवर पांढऱ्या रंगाने खूण करून, दाते मोजूनच नवीन बेल्ट चढवावा. दोन्ही बेल्ट एकाच वेळी बदलावेत. नवीन बेल्ट हातात आल्यावर तो दुमडून खिशात घालू नये. तीव्र घडी पडली की आतले धागे तिथेच दुखावतात. टेन्शनरचे रोलर हाताने फिरवून पाहावेत, खरखर लागली तर तेही बदलावेत. ताण इंजिन थंड असतानाच मोजावा. एकतारीची तार छेडावी तसा बेल्ट बोटाने छेडून मोबाईलच्या ॲपवर त्याचा सूर मोजतात, आणि तो पुस्तिकेतील आकड्याशी जुळवतात. ताण जास्त झाला तर बेअरिंग खराब होते, कमी राहिला तर बेल्ट दाता सोडतो. शेवटी क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, हे पाहिल्याशिवाय सेल्फला हात लावू द्यायचा नाही.

व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (रॉकरपाशी राखायची बारीक फट) तपासण्याचा आग्रह धरला गेला, तर पुस्तिकेतील किलोमीटर पाहून निर्णय घ्या. ते काम प्रामुख्याने चालण्याशी जोडलेले आहे, त्याला इथे घाई नाही. ब्रेक ऑइल मात्र वयाने खराब होते, ते त्याच फेरीत बदलून घ्या.

बोरीकाठ (अमळनेर) यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याला फोन केला. त्यांच्याकडे २०१७ नंतर या गाडीची एकही नोंद नाही. टायरवर १५ साल निघाले. त्यामुळे आणखी विचार न करता गाडी पिकअपमध्ये बांधून पाठवली, आणि काम होताना मी स्वतः शेजारी उभा राहिलो.

जुने बेल्ट उतरवल्यावर मेकॅनिकने मला हातात दिले. कव्हर काढले तेव्हा ते अगदी व्यवस्थित दिसत होते, आणि तेवढ्यावरच थांबलो असतो तर मी चोपड्याच्या भाऊंचा सल्ला मानून गाडी चालवत आणली असती. पण बाहेर टेबलावर ठेवल्यावर नवीन बेल्ट गोल पसरला आणि जुना पुलीवर होता त्याच वाकड्या आकारात पडून राहिला. त्याचा पाठीकडचा भाग किंचित उलटा वाकवताच दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा उघडल्या, उन्हाळ्यात शेताच्या काळ्या जमिनीला पडतात तशा. आडव्या सिलिंडरच्या बेल्टवर त्या अधिक होत्या. एका रोलरला खरखर होती, तो बदलला. मेकॅनिकने कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि ६,४१२ हे रीडिंग लिहिले, आणि तेच मी सर्व्हिस बुकात लिहून त्यावर सेंटरचा शिक्का घेतला आहे. परतीचा प्रवास गाडी चालवतच केला.