लॉसलेस म्हणे! विरार लोकलमध्ये कोणाला कळतंय?

चर्चगेट स्लो (धागाकर्ता)

स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस (म्हणजे काहीही न गाळता दाबलेला आवाज) आणलं, भारतात ते सगळ्यात वरच्या प्लॅटिनम प्लॅनमध्ये ठेवलं, आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे कान एकदम तयार झाले आहेत. कोणाला बासरीतली फुंकर ऐकू येते, कोणाला गायिकेचा श्वास. ऍपल म्युझिकवर ही सोय जून २०२१ पासून आहे, तीही जादा पैसे न मोजता. ते वापरणारेही आमच्यात आहेत, पण इतकी वर्षं कोणी फुंकरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. प्लॅन महाग झाला आणि श्वास ऐकू यायला लागला!

माझं म्हणणं असं: चांगल्या बिटरेटची (सेकंदाला भरपूर बिट असलेली) एएसी किंवा ऑग, म्हणजे काही भाग गाळून दाबलेली फाइल आणि लॉसलेस यांतला फरक सामान्य माणसाला, त्याच्या नेहमीच्या साधनावर कळत नाही. कारणं देतो, मग तुटून पडा.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, असे दोन चॅनल. गुणाकार केला की १४११ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार बिट. लॉसलेस फाइल हीच माहिती कमी जागेत बसवते आणि वाजवताना बिट न बिट परत देते. एमपी३, एएसी, ऑग यांचा मार्ग वेगळा. एखादा जोरकस स्वर वाजत असताना त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येतच नाही, मग तो साठवायचा कशाला, या हिशेबावर त्या चालतात. १२८ केबीपीएसला हा हिशेब जमवताना ओढाताण होते आणि ती ऐकूही येते. ऍपलच्या २५६ किंवा स्पॉटिफायच्या ३२० ला ती वेळ फार क्वचित येते.

आता साधन. ऑफिसात झाडून सगळ्यांच्या कानात बिनतारी बड. फोनपासून बडपर्यंत आवाज ब्लूटूथनं जातो आणि ब्लूटूथ तो पुन्हा दाबतं. ब्लूटूथच्या दाबण्याच्या पद्धतींपैकी एसबीसीला कमाल ३२८ च्या आसपास, एएसीला साधारण २५६, सोनीच्या एलडॅकला फार तर ९९०, आणि तेही लॉसलेस नव्हेच. एअरपॉडवर ब्लूटूथनं लॉसलेस मिळत नाही हे खुद्द ऍपलच सांगतं. हे सगळं ऐकायचं कुठे, तर अंधेरी ते दादर, कोणाची तरी बॅग बरगडीत खुपसलेली असताना. पैसे नक्की कशाचे मोजताय मंडळी?

तिरकीट

+१. आमच्या सोसायटीतला एक जण लॉसलेस लावून गाडीच्या स्पीकरवर ऐकतो. वेस्टर्न एक्स्प्रेसवर. काचा खाली.

तंबोऱ्याची तार

ठाम असहमत. तुम्ही सामान्य माणूस म्हणजे लोकलच्या दारातला माणूस एवढाच धरलाय. तोच माणूस रात्री साडेदहाला घरी निवांत बसतो, तेव्हा त्याचे कान असामान्य होतात का?

मी पार्ल्यात गाणं शिकते. घरी तारेचा हेडफोन आहे, फार महागाचा नाही. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. त्यात एकच एक मोठा स्वर नसतो ज्याच्या आड बाकीचे लपवता येतील, सगळं बारीकच असतं आणि सतत हलत असतं. दाबलेल्या फाइलीत हा तंबोरा चपटा होतो. स्वर असतात, पण त्यांच्यातली हालचाल जाते.

आणि टाळ घ्या. भजनात टाळाचा ठोका एकदम पडतो. कोडेक (आवाज दाबायची-उघडायची पद्धत) आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून काम करतं, ठोका तुकड्याच्या मध्येच पडला की त्याची खरखर ठोक्याच्या आधीच्या शांततेतही पसरते. याला प्री-एको म्हणतात आणि हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. कोडेक तपासणारे लोक वर्षानुवर्षं कॅस्टनेटचं रेकॉर्डिंग वापरतात ते याचसाठी. आपल्याकडे घुंगरू, झांज, टाळ, चिपळ्या असं केवढं वाजतं. पाश्चात्त्य पॉप ऐकून फरक नाही म्हणायचं आणि तोच निकाल आपल्या गाण्याला लावायचा, हे पटत नाही.

चर्चगेट स्लो

@तार, तंबोरा चपटा झाला तो कितीच्या फाइलीत? तुम्ही एरवी कुठे ऐकता?

तंबोऱ्याची तार

जुन्या मैफिली बहुतेक यूट्यूबवरच. त्या दुसरीकडे मिळतच नाहीत.

चर्चगेट स्लो

म्हणजे साधारण १२८ ते १६० चा आवाज, आणि कोणीतरी कॅसेटवरून उतरवून, एकदा एमपी३ करून मग चढवलेला. तो चपटा लागणारच. तुमची तुलना यूट्यूब विरुद्ध लॉसलेस अशी चालली आहे, माझी ३२० विरुद्ध लॉसलेस. प्री-एको मान्य, पण ३२० ला तुकड्यासाठी इतके बिट हाताशी असतात की ती खरखर बहुतेक वेळा ऐकू येण्याच्या खालीच राहते. शिवाय ठोक्याच्या लगेच आधीचा बारीक आवाज ठोकाच झाकून टाकतो, कान तसाच बनलाय.

तंबोऱ्याची तार

“बहुतेक वेळा” असं तुम्हीच लिहिलंत. उरलेल्या वेळांचं काय? आणि सामान्य श्रोता यूट्यूबवर ऐकतो हे जर खरं असेल, तर त्याच्यासाठी लॉसलेस म्हणजे यूट्यूबवरून वर येणंच आहे. त्याला तुमची ३२० कोणी दाखवली?

फेडर खाली

अंधेरीत मिक्सिंग करतो, रोजचं पोट यावरच. दोघांचंही वाचलं. मी चर्चगेट स्लोच्या बाजूनं, पण कारण वेगळं आहे.

लोक फरक ऐकतात हे खोटं नाही. फक्त तो लॉसलेसचा नसतो. पहिली गोष्ट, आवाजाची पातळी. दोन नमुन्यांत अर्ध्या-एक डेसिबलचाही फरक असला तर मोठा वाजणारा नमुना लोकांना “जास्त मोठा” वाटत नाही, “जास्त स्वच्छ” वाटतो. स्टुडिओत गिऱ्हाइकासमोर हे मी रोज बघतो. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आणून ठेवतं, ते सेटिंग बंद करता येतं, आणि दुसऱ्या ऍपचा हिशेब वेगळा असतो. एका ऍपवरून दुसऱ्यावर उडी मारून केलेली तुलना मी तरी मोजत नाही.

दुसरी गोष्ट, मास्टर, म्हणजे गाण्याची पक्की केलेली अंतिम आवृत्ती. एकाच जुन्या गाण्याची चार रूपं फिरत असतात. एकात टेपची सरसर घासूनपुसून काढताना वरच्या पट्टीतली जानच काढलेली असते, दुसऱ्यात सगळं दाबून मोठं केलेलं असतं. चांगल्या मास्टरची २५६ ची फाइल वाईट मास्टरच्या २४ बिट लॉसलेसपेक्षा शंभर वेळा बरी. भावगीतांच्या, नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांवर तर मुळात वरचा भाग फारसा नाहीच. ७८ च्या तबकडीची करकर १९२ किलोहर्ट्झमध्ये ऐकायची हौस असेल तर बसा ऐकत.

तिसरी, ऍपचं सेटिंग. स्पॉटिफाय ‘ऑटोमॅटिक’वर असेल आणि नेटवर्कची बोंब असेल तर तुम्ही ९६ किंवा त्याहूनही कमी ऐकत असता. त्यावरून थेट लॉसलेसवर गेलं तर फरक पडणारच हो! आधी ‘व्हेरी हाय’ करून बघा की.

डेसिबल राजे

इथे सगळे गृहीत धरून चाललेत की शास्त्र लॉसलेसच्या विरोधात आहे. २०१६ सालचा जोशुआ रीस यांचा अभ्यास वाचा. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचे प्राध्यापक आहेत ते. अठरा प्रयोगांमधल्या साडेबारा हजारांहून जास्त चाचण्या एकत्र केल्या आणि निष्कर्ष काय, तर फरक ओळखता येतो. प्रशिक्षण दिलं तर आणखी चांगला येतो. ज्यांचे कान तयार नाहीत त्यांनी इतरांना नावं ठेवू नयेत. माझ्याकडे वेगळा डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा) आहे, वेगळा ऍम्प आहे, आणि पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

फेडर खाली

राजे, त्या अभ्यासातला आकडाही लिहा ना. ५२.३ टक्के बरोबर. नाणं उडवलं तर ५०. संख्याशास्त्रात हा फरक खरा ठरतो, वाद नाही, पण प्लॅन बदलायला पुरतो का ते बघा. आणि तो अभ्यास हाय-रेझ (सीडीच्याही वरचा दर्जा) विरुद्ध सीडीच्या दर्जाचा आहे, इथल्या एमपी३-एएसीच्या वादाचा नाही. त्याच प्रश्नावर २००७ सालचा मेयर आणि मोरन यांचा प्रयोगही आहे. त्यांनी हाय-रेझ डिस्क वाजवता वाजवता मध्येच सीडीच्या दर्जाचा अडसर घातला आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ चाचण्या, २७६ बरोबर. म्हणजे ४९.८ टक्के.

हाय-रेझच्या नादी लागण्याआधी एक आठवा. जुन्या डब्बा टीव्हीतून एक बारीक शिटी यायची, ६२५ रेषा गुणिले सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. लहानपणी आपल्याला शेजारच्या खोलीतूनही कळायचं टीव्ही चालू आहे, आणि वडिलांना ती शिटी ऐकूच यायची नाही. आज आपण त्या वडिलांच्या वयाचे झालोय. सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत जाते. त्याच्या वरचं कोणासाठी, वटवाघळांसाठी?

डेसिबल राजे

सगळं काही फ्रिक्वेन्सीत मोजता येत नाही. स्टेज, हवा, वाद्यांमधली जागा, हे ऐकावं लागतं. बाकी चालू द्या.

फणसवाडी

वय ६८, त्यामुळे वरची शिटी आमच्यासाठी कधीच बंद झाली. विविध भारती मीडियम वेव्हवर ऐकून वाढलो, सिलोन तर खरखरीतून शोधायला लागायचं. मीडियम वेव्हला साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वर काही नसायचं असं मुलगा सांगतो. तरी गाणी पाठ झाली आणि हरकतीसकट झाली. पुढे काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये पहिली सीडी ऐकली तेव्हा मात्र फरक कळला, कोणी सांगायला लागलं नाही. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. मला एवढंच विचारायचंय, हा नवा फरक तेवढा मोठा आहे का? तेवढा असेल तर मुलाला सांगून घेतो.

चर्चगेट स्लो

काका, नाही. त्याच्या जवळपाससुद्धा नाही. पैसे चांगल्या तारेच्या हेडफोनवर घालवा.

दुहेरी दाब

धागाकर्त्याच्या ब्लूटूथच्या मुद्द्यात एक मेख आहे, ती कोणी काढली नाही. ऍपकडून एएसी येतं, फोन ते उघडतो, नोटिफिकेशनची टिंगटिंग त्यात मिसळतो, आणि बडकडे पाठवताना पुन्हा दाबतो. म्हणजे दोनदा कापाकापी. लॉसलेस घेतलं तर एकदाच होते. झेरॉक्सच्या झेरॉक्सपेक्षा मूळ कागदाची झेरॉक्स बरी. तेव्हा ब्लूटूथ असलं की लॉसलेस निरर्थक, हे तर्काला धरून नाही.

चर्चगेट स्लो

तर्काला धरून आहे तुमचं, कानाला धरून आहे का ते सांगा. २५६ वर दुसरा हात फिरला तर किती बिघडतं? मला विचाराल तर दादरच्या पुलावर एलडॅक लावून चालणारा जास्त गमावतो. तिथे गर्दीत ब्लूटूथच्या लहरींची इतकी खेचाखेच असते की ते ९९० वरून ३३० वर उतरतं, नाहीतर आवाज तुटतो.

शिवाय डेटा. ३२० ला तासाला १४४ एमबी. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस तासाला ४०० च्या आसपास. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर विरार-चर्चगेट-विरारमध्ये निम्म्याच्या वर संपला.

तिरकीट

घरी वायफायवर डाउनलोड करून निघायचं ना राव.

चर्चगेट स्लो

करा. मग ६४ जीबीच्या फोनमध्ये जागा कुठून आणता तेही लिहा.

पेटीवाला

एक बाजू राहिली. ऐकण्यापुरतं ३२० पुरे, हे मला मान्य. पण जपून ठेवायचं असेल तर लॉसलेसच हवं. वडिलांनी जमवलेल्या मैफिलींच्या कॅसेट मी फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइलीचा एक प्रकार) उतरवतोय. उद्या नवं कोडेक आलं तर त्यात बदलता येतील, एमपी३वरून बदलल्या तर प्रत्येक वेळी थोडं थोडं झिजत जाणार. आणि इकडून तिकडून मिळालेल्या ‘लॉसलेस’ फाइलींवर भरवसा ठेवू नका. स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे याचं चित्र) काढून बघा, १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं सगळं साफ असेल तर कोणीतरी १२८ चा एमपी३ फ्लॅकमध्ये भरलाय असं समजा. (मीडियम वेव्हवरून रेकॉर्ड केलेल्या मैफिलीला ही कसोटी लावू नका, तिथे मुळातच काही नसतं.)

तंबोऱ्याची तार

पेटीवाल्यांशी सहमत. पण ऐकण्याचा प्रश्न मी सोडलेला नाही. फेडर खाली म्हणतात ते पातळीचं खरं असेल, मास्टरचंही असेल. तरी टाटा थिएटरमध्ये मायक्रोफोनशिवाय गाणं ऐकलंय, तंबोरा कसा वाजतो ते मला माहीत आहे. माझी तुलना दुसऱ्या फाइलीशी नाही, त्या आवाजाशी आहे. आणि अशी तुलना करणारा श्रोता मुंबईत कमी नाही, दीनानाथला सकाळच्या मैफिलीला या, रांग बघा. त्यांना तुम्ही ‘सामान्य’मधून वगळणार असाल तर धाग्याचं नाव बदला.

चर्चगेट स्लो

वगळत नाही, उलट त्यांनाच ऐकवायला आवडेल. पण डोळे झाकून. कुठली फाइल वाजतेय हे पडद्यावर दिसलं की कान पडद्याचंच ऐकतात.

तंबोऱ्याची तार

चालेल. पार्ल्याला माझ्याकडे या, हेडफोन माझा, तारेचा. फेडर खाली पातळी जुळवून देतील का?

फेडर खाली

देतो. रविवार सोडून कधीही, रविवारी लग्नाचं काम आहे.

चर्चगेट स्लो

येतो. तुमच्याकडची एखादी सीडी काढून ठेवा, त्याच सीडीवरून मी दोन्ही फाइली बनवतो, एक फ्लॅक आणि एक ३२०, म्हणजे मास्टरचा वाद नको. तुकडा तुम्ही निवडा. तंबोरा, टाळ, हवं ते. आणि उत्तरं कागदावर लिहायची, तोंडी नाही.

डेसिबल राजे

डॅक मी आणू का?